न दुखणारी पानवेल

"ही गोष्ट तुमास्नी पटायची न्हाई. पटली, तर फुडच्या मंगळवारी मी हितं दोन्ही पायांवर नाचत येतो," असं म्हणून तवनाप्पा मगदूम बाकावर जरा पुढं सरकला.

पैज मोठी होती, कारण पुढच्या मंगळवारी त्याला दोन पाय असणार नव्हते. उजवा पाय गुडघ्याखाली काढायचा, हे डॉक्टरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. त्या पायाचा अंगठा तर तीन वर्षांपूर्वीच गेला होता. बँडेजच्या टोकाला उरलेली चार बोटं नवरदेव हरवलेल्या वऱ्हाडासारखी कानकोंडी होऊन बसली होती.

मिरजेच्या त्या इस्पितळात मधुमेहाच्या पायांचा दिवस मंगळवार. लांब व्हरांडा, दोन्ही अंगांना बाकं आणि बाकांखाली नुसते गुंडाळलेले पाय. दोन वर्षं तवनाप्पा दर मंगळवारी इथं येत होता आणि दर मंगळवारी हीच गोष्ट सांगत होता. श्रोते बदलत. कुणी बरे होऊन जात, कुणी नुसतेच जात. आज त्याच्या तावडीत दोघं सापडले होते. एक शौकत मिस्त्री, सतारीचे भोपळे कोरण्यात ज्यांची हयात गेली; आणि दुसऱ्या आठल्ये बाई. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण कुणी चुकीचं बोललं की त्यांचा हात अजून खडू शोधायचा.

तिसरी श्रोती पलीकडच्या बाकावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. ती पद्मावती, तवनाप्पाची धाकटी बहीण. मालहट्टीहून मिरजेपर्यंत तीच त्याला आणायची, केसपेपर काढायची, डब्यात भाकरी आणि मेथी द्यायची, संध्याकाळी दारात सोडायची. फक्त बोलायची नाही. दोन वर्षांत एक शब्द नाही. आज तिच्या मांडीवर एक कागद होता: 'रुग्णाच्या नातेवाइकाची संमती'. सिस्टरनं पेनही दिलं होतं. पेनाचं टोपण अजून निघालं नव्हतं.

तवनाप्पाला त्या कागदाची फिकीर नव्हती. त्याला एकच गोष्ट हवी होती. टेबलावर आडवं व्हायच्या आधी पदूनं एकदा तोंड उघडावं. शिवी दिली तरी चालेल. आणि बहिणीला बोलतं करायचा त्याला एकच उपाय ठाऊक होता: तिच्या कानावर पडेल अशा बेतानं थापा मारायच्या. लहानपणी हा उपाय हमखास लागू पडायचा. विहिरीत सुसर बघितली म्हणून तो सांगायचा, आणि पदू चुलीपुढून फणकाऱ्यानं ओरडायची, "खोटं! खोटं बोलतोस आण्णा!"

दोन वर्षं तो सुसरी सोडत होता. चुलीपुढून काही आवाज येत नव्हता.

"सांगा तर," शौकत मिस्त्री म्हणाले. "आमचा नंबर सत्तावीस हाय. आत अजून नऊ चाललाय."

"तर ऐका. आमची पानवेल हुती. तिला दुखायचं बंद झालं."

"वनस्पतींना मज्जासंस्था नसते," आठल्ये बाई ताबडतोब म्हणाल्या.

"नसंना का. दुखतं मात्र. त्येच सांगतोय."

मालहट्टीच्या ओढ्याकाठी मगदूमांचा पानमळा होता. शेवरी आणि हादग्याची झाडं दाट लावलेली, त्यांच्या अंगानं पानवेली चढवलेल्या. आत शिरलं की भर चैतात विहिरीत उतरल्यासारखा गारवा. मळ्यात पायताण घालून कुणी जायचं नाही. पानमळा म्हणजे लक्ष्मी. तिच्या अंगणात चप्पल आणली तर ती उठून जाते, असं सगळा गाव मानायचा. दाराशी चपलांची रास आणि आत सगळे अनवाणी. बाप गेल्यावर मळ्याचे दोन वाटे झाले. एक तवनाप्पाचा आणि एक पद्मावतीचा, कारण ती विधवा होऊन माहेरी आली होती. मधे शेवरीचं कुंपण. वेली मात्र दोन्हीकडं एकाच आईच्या. पानवेल बियांनी लावत नाहीत, तिचेच तुकडे पुरतात. त्यामुळं आजीनं लावलेली वेल आणि आजची वेल हे एकच सलग अंग, मधे मरण म्हणून नाहीच.

अशा मळ्यात एक दिवस डॉ. रेणुका कानडे आल्या. विद्यापीठातून, गमबूट घालून. दारातच तवनाप्पानं त्यांना अडवलं. मग त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि गोऱ्या पायांनी चिखलात उतरल्या. तवनाप्पाला बाई आवडली.

कानडे मॅडमनी एक पान खुडलं, टरकावलं आणि त्याच्या नाकाशी धरलं.

"कसला वास येतोय, आण्णा?"

"पानाचा."

"पानाच्या वासाखाली अजून एक आहे. गवत कापल्यावर येतो तसा. हिरवा, कच्चा."

"हाय की."

"ते ओरडणं आहे," मॅडम म्हणाल्या.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते तवनाप्पानं जन्मभर घोळवलं. झाडाच्या प्रत्येक पेशीत पडदे असतात, आणि ते पडदे चरबीचे असतात. झाडाच्या अंगात चरबी म्हटलं की आपल्याला हसू येतं, पण ती असते, हजार ठिकाणी आणि हजार कामांना. पान फाटलं, किड्यानं चावलं, माणसानं खुडलं, की एक एन्झाइम जागं होतं.

"विकर," आठल्ये बाईंनी बाकावरून दुरुस्ती केली. "मराठीत विकर म्हणतात."

"विकर म्हणा, लेकरं म्हणा. त्येच्या हातात कात्री असती एवढं ध्यानात ठेवा."

तर ते एन्झाइम पडद्यातून चरबीचा एक तुकडा कापून काढतं. दुसरं त्याला प्राणवायू डकवतं. तिसरं आणि चौथं त्याला वाकवून घडी घालतात. शेवटी त्या चरबीचं जे काही होतं ते जाईच्या फुलातल्या वासाचं सख्खं भावंड. म्हणून त्याचं नावही जाईवरूनच ठेवलंय. हा जाईचा निरोप एका पानातून सगळ्या वेलभर धावतो आणि म्हणतो: आपल्याला कुणी तोडतंय, हात आखडा, वाढू नका, अंगात कडू साठवा. वेल थबकते. म्हणून एकदा पानं खुडली की पुढच्या खुडणीला इतके दिवस थांबावं लागतं.

"वेल दमत नाही, आण्णा," कानडे मॅडम म्हणाल्या. "वेल घाबरते. आम्ही ती भीती काढून घेतो."

त्यांनी एक जंतू तयार केला होता. पानाच्या आत राहणारा, पानाला काडीचाही त्रास न देणारा. तो फक्त त्या पहिल्या कात्रीच्या पात्यांत गोंद ओतायचा. चरबी कापलीच जात नसे. निरोप निघतच नसे. आणि पानवेल त्यांनी मुद्दाम निवडली होती. तिला मळ्यात फूल नाही, बी नाही, पराग नाही. बाहेर पसरायचा प्रश्नच नाही. सावलीतलं बंदिस्त पीक. जंतू पानाबाहेर उघड्यावर आला, कोरडा पडला, की दोन तासांत मरायचा. वारा, पाणी, किडे, सगळ्याचा हिशेब त्यांनी मांडला होता. गावानं त्या जंतूचं नाव ठेवलं, भूल.

"आन मग?" शौकत मिस्त्रींनी विचारलं.

"मग काय! सकाळी पान खुडावं, आन जेवून येईस्तवर तितं दुसरं!"

"आण्णा..."

"बरं, दुसऱ्या दिवशी. पर पान केवढं! सुपाएवढं. एका पानात आख्खी पंगत विडा खाईल. रावसाब पाटलाची म्हस आत शिरली, आन पानाखाली झोपली, ती तीन दिवस घावली न्हाई."

आठल्ये बाईंना हसू आलं. तवनाप्पानं चोरून भिंतीकडं बघितलं. पाठ हलली नाही.

म्हशीचं सोडा, पण वेली खरंच थांबेनाशा झाल्या. आज खुडलं, चौथ्या दिवशी पुन्हा खुडलं. वेलीला पत्ताच नाही. गड्यांच्या अंगठ्यांवर पान खुडायची पत्र्याची नखं असत, ती झिजून गेली. मळ्यात फक्त एक गोष्ट कमी झाली होती, आणि ती पहिल्यांदा पद्मावतीनं ओळखली. कुंपणापाशी उभी राहून तिनं हवेत नाक धरलं.

"आण्णा, तुझ्या मळ्यात खुडणी चाललीया न्हवं?"

"व्हय की. सकाळधरनं."

"मग वास का येईना?"

तो कच्चा हिरवा वास त्याच चरबीतून निघायचा. कात्री थांबली, वासही थांबला. शंभर हात पानं तोडत होते आणि मळा गप्प होता.

त्याच पावसाळ्यात तवनाप्पाचं पत्र्याचं नख हरवलं. सगळा मळा धुंडाळला. नवव्या दिवशी तो ओसरीवर पाय सोडून बसला होता, आणि पद्मावती समोरून येता येता थबकली.

"आण्णा, नख घावलं का रे तुजं?"

"कुटलं घावतंय!"

"तुझ्या पायात हाय त्ये."

उजव्या अंगठ्याखाली, आरपार रुतून बसलेलं. नऊ दिवस तो त्यावर चालला होता. साखरेनं पायाच्या नसा कधीच मारून टाकल्या होत्या. मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि एक नायलॉनचा दोरा तळव्याला लावत राहिले. "इथं कळतंय? इथं?" तवनाप्पा दर वेळी ठणठणीत "हो" म्हणाला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आजोबा, गेल्या चार वेळा मी दोरा लावलाच नव्हता."

अंगठा गेला. यापुढं अनवाणी पाऊल टाकायचं नाही, अशी तंबी मिळाली. तवनाप्पा चप्पल घालून मळ्यापर्यंत जायचा आणि दारात काढून ठेवायचा. डॉक्टर मोठा, पण लक्ष्मी त्याहून मोठी.

कानडे मॅडमनीही चाचणीच्या, म्हणजे तवनाप्पाच्या मळ्यासाठी बूट ठेवले होते आणि दाराशी निळ्या औषधाचं घमेलं ठेवलं होतं. आत जाताना बूट चढवायचे, येताना औषधात बुडवायचे. मॅडम असल्या की सगळे बूट घालत. मॅडमची गाडी वळणापलीकडं गेली की बूट शेवरीला उलटे टांगलेले. त्यात चिमण्यांनी घरटी केली होती, म्हणजे तवनाप्पाच्या सांगण्याप्रमाणे घुबडांनी.

"खरं सांगा, तुमच्या बहिणीनं नाही घेतली ही भूल?" आठल्ये बाईंनी विचारलं.

तवनाप्पा आवाज जरा चढवूनच म्हणाला, "न्हाई. ती शानी."

कानडे मॅडम पद्मावतीकडं तीनदा गेल्या होत्या. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मॅडम, तुमी चांगल्या हाईसा. पर ज्येला दुखत न्हाई, त्येला राखायचं कसं? माझ्या भावाचा पाय बघा की." आणि मग ती भावाकडं वळली. "आण्णा, ह्ये जंतू हाईत तवर माझ्या मळ्यात पाय टाकायचा न्हाई. उतरणीलासुदीक न्हाई."

हे शेवटचं तवनाप्पाला फार लागलं. उतरण म्हणजे पानमळ्याचं बारसं. वर्षभर चढून वेल शेंड्याला पोचली की तिला हळूच खाली उतरवायची, तिच्या बुडख्याची वेटोळी करून मातीत पुरायची आणि शेंडा पुन्हा झाडाला बांधायचा. त्या वेटोळ्यांना नवी मुळं फुटतात, म्हातारी वेल पुन्हा तरणी होते. आईनं जाताना सांगून ठेवलं होतं: मळ्याचे वाटे झाले तरी उतरणीचं पहिलं वेटोळं थोरल्याच्या हातचं. नाहीतर वेल रुसते. बाप गेल्यापासून दर साली पद्मावतीच्या मळ्यातलं पहिलं वेटोळं तवनाप्पानंच पुरलं होतं.

"त्या वर्सी मी गेलो न्हाई बगा," तवनाप्पानं बाकाला सांगितलं. "भणीचा शबुद. ती नगं म्हणाली, मी न्हाई गेलो."

इथं तो नेहमी पाणी प्यायचा. आजही प्यायला. बाटलीचं झाकण लावायला जरा वेळ लागला.

"मग भूल तिकडं गेली कशी?" मिस्त्रींनी विचारलं.

"मुंगूस!"

हे मुंगूस दर मंगळवारी वीतभर वाढायचं. पहिल्या वर्षी ते साधं मुंगूस होतं, शेवरीच्या कुंपणाखालून गेलेलं. पुढं ते कुत्र्याएवढं झालं. आज तवनाप्पानं दोन्ही हात पसरले, ते शौकत मिस्त्रींच्या नाकाला लागले.

"एवढं! वासरागत! माझ्या मळ्यातनं निघालं, पानाच्या रसानं पाय माखल्यालं. कुंपणापाशी थांबलं. मागं वळून बगितलं माझ्याकडं. मी म्हटलं, बाबा, जाऊ नगंस. तितं माझी भण हाय. त्येनं ऐकलं न्हाई."

शेवटचं वाक्य त्यानं स्वतःलाच सांगितल्यासारखं सांगितलं. व्हरांड्यात सिस्टरनं "चौदा" म्हणून हाक मारली.

पद्मावतीच्या मळ्यात आधी वास गेला. चैत्रात तिनं पान तोडलं, नाकाला लावलं, आणि ते हातातून खाली सोडलं. मग दोन्ही मळ्यांत एकदमच अळ्या पडल्या. पानाला भीती नव्हती म्हणून त्यानं अंगात कडू साठवलंच नव्हतं. अळ्यांना नुसती लोण्याची पंगत. रात्रंदिवस कुरतडणं चालू आणि वेली वर वर वाढतच चाललेल्या, अर्ध्या खाल्लेल्या, हसऱ्या. मग मुळांना मर लागली. साध्या वेलीची मुळं कुजायला लागली की ती पानं टाकते, आखडते, झगडते. ह्या वेली हिरव्यागार उभ्या राहिल्या आणि एका आठवड्यात आडव्या झाल्या. शेवटच्या दिवशीही शेंड्याला नवं कोवळं पान फुटलं होतं. आपण मेलोय हे वेलीला कळलंच नव्हतं.

आजीपासून चालत आलेलं ते एक सलग अंग. दोन्ही मळे मिळून दहा दिवसांत संपलं.

तेवढ्यावर भागलं नाही. भूल पद्मावतीच्या मळ्यातून हादग्यात गेली, हादग्यातून बांधावरच्या शेवग्यात, शेवग्यातून वेलभाज्यांत. उघड्यावर दोन तासांत मरणारा जंतू दुसऱ्या झाडांच्या पानांत निवांत नांदू लागला. आणि तेव्हा कानडे मॅडमच्या अहवालातल्या एका बारीक टिपेचा अर्थ सगळ्यांना कळला. तोच चरबीचा निरोप फुलातही लागतो. फूल उमललं की परागाच्या पिशव्यांना तोच सांगतो, आता फुटा. निरोप नाही, तर पिशवी फुटत नाही. हादग्याला फुलं आली, पांढरी, देखणी, पण शेंग धरली नाही. शेवगा फुलून गेला, शेंग नाही. दोडका, पडवळ, भोपळा, सगळं फुलायचं आणि गळायचं. मधमाश्या येत, फुलात लोळत, आणि कोऱ्या पायांनी परत जात.

शौकत मिस्त्रींनी चष्मा काढला.

"दोन सालं झाली," ते म्हणाले. "भोपळा आला न्हाई. सतारीचा भोपळा शेतात मोठा हुतो, आण्णा, त्येला कारखाना नसतो. माझ्या माळ्यावर अकरा राहिलेत. मी समजत होतो, पाऊस फिरला." त्यांनी चष्मा पुसून परत लावला. "ह्ये तुमच्या मळ्यातनं आलं?"

तवनाप्पाला या प्रश्नाची सवय नव्हती. एरवी ऐकणारे म्हशीला हसत आणि मुंगसाला टाळी देत.

"मुंगसानं आणलं," तो म्हणाला.

"चौकशी नाही झाली?" बाईंनी विचारलं.

"झाली तर! तीन गाड्या भरून सायब आले."

साहेबांना एकच जाणून घ्यायचं होतं: चाचणीच्या मळ्यातून अनवाणी पायानं शेजारच्या मळ्यात कोण गेलं? ज्यानं नियम मोडला त्याच्यावर खटला. गावानं सांगितलं, कुणी नाही. तवनाप्पानं सांगितलं, मुंगूस. पहिल्यांदा तो हे बोलला तेव्हा त्याचा आवाज कापत होता, आणि साहेबांना वाटलं म्हातारा दुःखानं बोलतोय. अहवालात लिहिलं गेलं, 'बहुधा लहान वन्य प्राणी'. तवनाप्पाच्या आयुष्यातली ही पहिली थाप, जिच्यावर सरकारी शिक्का बसला. पुढं आणखी वाईट झालं. तालुक्यातली मुंगसं पिंजरे लावून धरली गेली. आता मालहट्टीत उंदीर वाढलेत, उंदरांमागं साप वाढलेत. गवत कापलं तरी वास येत नाही. कानडे मॅडमनी नोकरी सोडली. जाण्याआधी त्या मेलेल्या मळ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या, अनवाणी. म्हणाल्या, "आण्णा, आम्ही वारा मोजला, पाणी मोजलं. काहीतरी मोजायचं राहिलं. काय राहिलं ते मला अजून सापडत नाही."

तवनाप्पानं तेव्हाही मुंगसाचंच नाव घेतलं होतं.

"पण तुमचं मुंगूस पटत नाही मला," आठल्ये बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात फळ्यापुढचा जुना ठामपणा होता. "तुम्हीच म्हणालात, हा जंतू कोरडा पडला की दोन तासांत मरतो. मुंगसाचा पाय धुळीतून चालतो, लगेच वाळतो. त्या जंतूला जिवंत ठेवायला ओल पाहिजे. ऊब पाहिजे. सतत पाझरणारं काहीतरी."

व्हरांड्यात पंखा फिरत होता. तवनाप्पानं खाली बघितलं. बँडेजवर, जिथं अंगठा असायला हवा होता तिथं, रुपयाएवढा ओला पिवळा डाग आला होता. सकाळीच ड्रेसिंग बदललं होतं. त्याला काही जाणवलं नव्हतं.

"मुंगसाला जखम हुती," तो म्हणाला.

"कसली?"

"पायाला. काटा मोडल्याला. त्येला म्हाईतच न्हवतं." त्यानं पुन्हा हात पसरले, पण ते मघाएवढे पसरेनात. "मी सोता बघितलं की! पहाटचं धुकं हुतं. लंगडत आलं, कुंपणातनं आत शिरलं, पहिल्या वाफ्यापाशी थांबलं... शप्पथ घाला. आईची शप्पथ घेतो. मुंगूसच हुतं त्ये."

शौकत मिस्त्री त्याच्या पायाकडं बघत होते. आठल्ये बाईही बघत होत्या. तवनाप्पा मात्र भिंतीकडं बघत होता.

तिकडं पेनाचं टोपण निघाल्याचा बारीक आवाज झाला. पद्मावतीनं मांडीवरच्या कागदावर सही केली, सावकाश, एकेक अक्षर. 'नातं' असं लिहिलेल्या रकान्यात 'बहीण' लिहिलं. मग ती बाकावर वळून बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिचं तोंड भावाकडं झालं.

"मुंगूस न्हवतं त्ये," ती म्हणाली. आवाज न वापरल्यामुळं घोगरा झाला होता. "पहिल्या वाफ्यात पाऊल उमटलं हुतं. टाच, तळवा, आन चार बोटं. अंगठा न्हवता. फुडं येक वेटोळं पुरल्यालं, आई पुरायची तसं, डाव्या अंगानं. सायबलोक यायच्या आधी मी त्येच्यावर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं. अजून तसंच हाय, उचललं न्हाई. म्हटलं, आण्णा सांगंल. आज सांगंल, उद्या सांगंल." तिनं कागदाची घडी घातली. "खोटं बोलतोस आण्णा. खोटं."